टपरीवर सगळे बोलतात, मीटिंगमध्ये सगळे गप्प

गेल्या अंकात मी सहज एक वाक्य लिहून गेले की आमच्या जुन्या टीमची दर पंधरा दिवसांची रेट्रो म्हणजे सत्यनारायण झाला होता, कथा तीच, प्रसाद तोच आणि सगळ्यांचं लक्ष कधी एकदा आरती होतेय याकडे. त्यावर इतकी पत्रं आली की संपादक म्हणाले हा अंक त्यालाच देऊन टाका. ज्यांचा आयटीशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रेट्रो म्हणजे रेट्रोस्पेक्टिव्ह, एकत्र काम करणारी माणसं ठरावीक दिवसांनी बसतात आणि काम किती झालं यावर नाही, तर काम करताना आपलं आपल्यात कसं चाललंय, कुठे अडतंय, पुढच्या वेळी काय वेगळं करायचं यावर बोलतात. 2001 साली अमेरिकेत युटामधल्या स्नोबर्ड नावाच्या बर्फाळ ठिकाणी सॉफ्टवेअरवाले 17 जण जमले, त्यांनी जो अ‍ॅजाइल जाहीरनामा काढला त्याच्या सोबतीला 12 तत्त्वं आहेत, त्यातलं शेवटचं हेच. अ‍ॅजाइल म्हणजे थोडं थोडं काम करत, शिकत पुढे जाणं. त्याची एक पद्धत म्हणजे स्क्रम, त्यात काम महिन्याभराच्या किंवा त्याहून छोट्या टप्प्यांत, म्हणजे स्प्रिंटमध्ये करतात, आणि ती पद्धत नीट चालतेय ना हे बघणारा तो स्क्रम मास्टर. पण पत्रं फक्त हिंजवडीतून आली नाहीत, भोसरीतून आली, नारायण पेठेतून आली, आणि धनकवडीच्या एका फराळ करणाऱ्या गटाकडून पण आलं, ते मी शेवटी ठेवलंय.

ताई, मी हिंजवडी फेज टूला एका कंपनीत आहे, सहा महिन्यांपूर्वी मला स्क्रम मास्टर केलं. नऊ जणांची टीम. दर दुसऱ्या शुक्रवारी चारला रेट्रो असते. मी बोर्ड उघडते, तीन रकाने, काय चांगलं झालं, काय नाही झालं, पुढे काय करू. पहिल्यात ‘टीमवर्क’ येतं, दुसऱ्यात ‘कम्युनिकेशन सुधारायला हवं’ येतं आणि मग शांतता. आमचे मॅनेजर सर पण बसतात, ते म्हणतात बोला रे बोला, इथे सगळं ओपन आहे, की अजूनच शांतता. आणि अर्ध्या तासाने खाली टपरीवर चहाला गेलो की हेच सगळे तावातावाने बोलतात, टेस्टचं एन्व्हायर्नमेंट बंद पडतं, रिक्वायरमेंट आदल्या रात्री बदलते, सगळं. माझं काय चुकतंय? – स्क्रम मास्तरीण, वाकड

अगं, तुझं अर्धं काम झालेलं आहे, कारण तुला टपरीवरचं माहितेय. बऱ्याच जणींना तेही माहीत नसतं, त्यांना टीम चहाला नेतच नाही. (म्हणून एक आधीच सांगते, टपरीवर ऐकलेलं वर मीटिंगमध्ये ‘काल अमुक म्हणत होता ना’ करून काढू नकोस, दुसऱ्या दिवसापासून तुला एकटीला चहा प्यावा लागेल.)

तुझ्या टीमला बोलता येत नाही असं नाहीये, बोलण्याचा भाव दोन ठिकाणी वेगळा आहे एवढंच. टपरीवर बोलायला कटिंगचे पैसे पडतात. वर मीटिंगमध्ये बोललं की मार्चमध्ये अप्रेझलच्या वेळी ते किती पडेल हे कुणालाच माहीत नाही, मग माणूस शहाणपणा करतो आणि ‘कम्युनिकेशन’ लिहितो. कम्युनिकेशन हा शब्द आला की समज, खरं काहीतरी गिळलं गेलंय.

तर पहिलं काम, सरांना बाहेर काढणं. स्क्रमच्या पुस्तकी हिशोबाने पण टीम म्हणजे डेव्हलपर, प्रॉडक्ट ओनर (काय बनवायचं ते ठरवणारा) आणि तू, मॅनेजरची खुर्ची त्यात धरलेलीच नाही. पण ‘सर, तुमच्यामुळे कुणी बोलत नाही’ असं सांगायला जाऊ नकोस, खरं असलं तरी. मी असं म्हणायचे, ‘सर, दोन वेळा आम्ही आमचे बसून बघतो, शेवटच्या दहा मिनिटांना तुम्ही या, तुमच्याकडून जे लागणार ते आम्ही समोर ठेवतो.’ दहातले आठ मॅनेजर खूश होतात, त्यांचा एक तास वाचतो. उरलेले दोन कुरकुरतात, त्यांना चार वेळा सांगावं लागतं.

दुसरं, वेळ बदल. शुक्रवारी चारला हिंजवडीत ज्याचं डोकं आधीच भूमकर चौकात पोचलेलं नाही असा माणूस मला दाखव. गुरुवारी सकाळी अकराला घे. महिन्याच्या स्प्रिंटला जास्तीत जास्त तीन तास असं स्क्रम गाइड म्हणतं, म्हणजे दोन आठवड्यांना दीड तास खूप झाला, मी सव्वा तासावर कधी गेले नाही.

आणि तिसरं जे आहे ते जरा नीट सांगते कारण सगळी गंमत तिथे आहे. तुझे तीन रकाने वाईट नाहीत पण ते मत विचारतात, आणि मत द्यायला माणूस घाबरतो. घडलेलं विचार. बोर्डावर एक आडवी रेघ मार, त्यावर गेल्या दहा कामाच्या दिवसांची नावं टाक, सोमवार मंगळवार करत, आणि म्हण की प्रत्येकाने आठ मिनिटं एक शब्द न बोलता चिठ्ठ्या लिहा, कुठल्या दिवशी वैतागून लॅपटॉप मिटला आणि कुठल्या दिवशी मजा आली, बस. न बोलता हे महत्त्वाचं, कारण पहिला जो बोलतो तो बाकीच्यांचं ठरवून टाकतो, सीनियर म्हणाला ‘माझ्या मते ठीक चाललंय’ की बाकी आठ जणांचं पण ठीकच चालतं. तू पण लिहायचं. आमच्या टीममध्ये पहिल्यांदा हे केलं तेव्हा दोन्ही मंगळवारांवर मिळून सात चिठ्ठ्या लागल्या होत्या, बाकी दिवसांवर एखाद-दुसरी. कुणी कुणाचं नाव घेतलं नव्हतं, पण सगळे उठून बोर्डाजवळ गेले आणि म्हणाले, अरे मंगळवारी होतं काय नक्की? निघालं असं की दुसरी एक टीम मंगळवारी सकाळी डेटा रिफ्रेश करायची, म्हणजे नव्याने भरायची, आणि आमचं टेस्टिंग त्याच डेटावर चालायचं, आणि हे त्यांना माहीतच नव्हतं की आपल्यामुळे पलीकडे नऊ जण हात बांधून बसतात. चार महिने आम्ही एकमेकांवर खेकसत होतो, आरोपी मंगळवार होता.

मग मतं घे, प्रत्येकाला तीन टिकल्या, आणि एकच गोष्ट निवड. एकच. मला माहितेय तुला पाच घ्याव्याशा वाटतील. ‘समन्वय वाढवणे’ हे काम नव्हे. ‘सोमवारी दुपारपर्यंत त्या टीमकडून रिफ्रेशची वेळ विचारून आपल्या चॅनेलवर टाकणे’ आणि पुढे एका माणसाचं नाव, हे काम. ते तिकीट (कामाची चिठ्ठी) म्हणून पुढच्या स्प्रिंटच्या बोर्डवर बाकीच्या कामांच्या शेजारी लाव, वेगळ्या फाइलमध्ये ठेवलंस तर ती फाइल तू सोडून कुणी उघडणार नाही. आणि पुढची रेट्रो त्या तिकिटापासूनच सुरू कर, झालं का? नसेल झालं तर नव्या तक्रारी घ्यायच्या आधी का नाही झालं ते बोला. लोक गप्प बसतात त्याचं हे दुसरं कारण, बोललं की महागात पडतं हे एक आणि बोलून काही होत नाही हे दुसरं, आणि माझ्या अनुभवात दुसरं जास्त लोकांना गप्प करतं.

अजून एक. 2001 सालीच नॉर्म कर्थ नावाच्या गृहस्थांनी रेट्रोसाठी एक नियम लिहिला, त्याचा अर्थ असा की आज काहीही बाहेर आलं तरी, त्या वेळी जेवढं माहीत होतं, जेवढं येत होतं, हाताशी जे होतं, त्यात प्रत्येकाने आपल्याकडून होईल तितकं चांगलंच केलं असं धरून बोलायचं. काही ठिकाणी हा नियम दर वेळी प्रार्थनेसारखा वाचतात. मी वाचून दाखवला तर माझे पुणेकर मनातल्या मनात ‘हो का?’ म्हणतील, म्हणून मी वाचत नाही, वापरते. कुणी ‘त्याने नीट टेस्ट केलं असतं तर’ असं सुरू केलं की मी विचारते, त्या दिवशी दुपारी त्याला काय काय माहीत होतं? बहुतेक वेळा तो स्वतःच सांगतो, आणि आवाज खाली येतो.

आपल्या सदरात मराठी शब्द शोधावे लागतात. ‘रेट्रो’साठी आपल्या भाषेत शब्द नाही काय? आमच्या शाळेत वर्षाअखेरीस सिंहावलोकन होत असे. – निवृत्त शिक्षक, सदाशिव पेठ

सर, कान पकडते. सिंहावलोकन फार देखणा शब्द आहे, चालता चालता मान वळवून मागे बघणारा सिंह डोळ्यांसमोर येतो. पण आपण तो वार्षिक अहवालात नेऊन बसवला, अध्यक्ष वाचतात आणि बाकीचे चहाची वाट बघतात. शिवाय सिंह एकटाच मागे बघतो, इथे सगळ्यांनी मिळून बघायचं असतं. मला ‘मागोवा’ आवडतो, पण ऑफिसात म्हटलं तर पोरं म्हणतात मॅडम काय चोरी झालीय का. जपान्यांकडे हानसेइ (आपण केलेल्याकडे वळून बघणं) शब्द आहे, तिथल्या शाळेतल्या मुलांनासुद्धा तो माहीत असतो आणि टोयोटामध्ये तोच चालतो, आणि त्यात मला आवडणारी गोष्ट ही की काम छान पार पडलं तरी ते हानसेइला बसतात. आपल्याकडे छान झालं की पेढे आणि फसलं की मीटिंग, त्यामुळे मीटिंग म्हटली की माणूस आधीच बचावाचं भाषण घेऊन येतो.

मॅडम, मी भोसरी एमआयडीसीत एका व्हेंडर कंपनीत शिफ्ट सुपरवायझर आहे, तेवीस वर्षं झाली. कस्टमरकडून रिजेक्शन आलं की आम्ही व्हाय-व्हाय, म्हणजे चूक का झाली, ते तरी का, असं विचारत जायचा कागद, भरून देतो. शेवटचं उत्तर ठरलेलं, ऑपरेटरचं दुर्लक्ष. उपाय पण ठरलेला, ऑपरेटरला ट्रेनिंग दिलं, खाली त्याची सही. महिन्याभराने तोच डिफेक्ट. आता नवीन मॅनेजर आलेत, ते म्हणतात दर शनिवारी मुलांना बसवून रेट्रो घ्या. मुलं सगळी कॉन्ट्रॅक्टवरची, ती काय बोलणार? – शिफ्ट सुपरवायझर, भोसरी

दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही शेवटच्या ओळीत विचारलंय मुलं काय बोलणार, त्याचं उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. ज्याचं कॉन्ट्रॅक्ट अकराव्या महिन्यात तुटू शकतं तो मुलगा ‘हो साहेब, माझंच लक्ष नव्हतं’ म्हणणार, सही करणार आणि घरी जाणार. त्याच्या जागी मी असते तर मी पण तेच केलं असतं.

म्हणून रेट्रो सुरू करायच्या आधी नवीन साहेबांकडून एक गोष्ट पक्की करून घ्या, शनिवारी जे बोललं जाईल त्यावरून कुणाला मेमो नाही आणि खराब पीसचे पैसे पगारातून कापणार नाही. तोंडी नको, बोर्डावर लिहून, त्यांच्या सहीने. ते नाही म्हणाले तर सरळ सांगा की मग रेट्रो नको, व्हाय-व्हाय आहे तेच चालू द्या. मी हे गंमत म्हणून नाही लिहीत. धाक तसाच ठेवून लोकांना बोलायला बसवणं म्हणजे त्यांना खोटं बोलायची अजून एक संधी देणं, आणि ते तुमच्या तोंडावर खोटं बोलले की पुढे तुम्हीही एकमेकांच्या डोळ्यांत बघणार नाही.

व्हाय-व्हायची पद्धत वाईट नाही हो, ती आपण अर्धी आणली. टोयोटाचे ताइची ओनो ती समजावताना एका बंद पडलेल्या मशीनचं उदाहरण द्यायचे. मशीन का थांबलं, ओव्हरलोड होऊन फ्यूज उडाला. ओव्हरलोड का, बेअरिंगला वंगण पुरत नव्हतं. का पुरत नव्हतं, पंप नीट ओढत नव्हता. का, पंपाचा शाफ्ट झिजला होता. का झिजला, गाळणीची जाळी लावलेली नव्हती आणि धातूचा कीस आत गेला. पाच वेळा का विचारलं, त्यात एकाही माणसाचं नाव आलं नाही, आणि शेवटी हातात काय आलं तर एक जाळी, जी उद्या लावता येते. ‘दुर्लक्ष’ उद्या काढून टाकता येत नाही. त्यामुळे उत्तरात माणूस आला की समजायचं आपण एक-दोन ‘का’ आधीच थांबलोय.

माझ्या मावसभावाचं छोटं वर्कशॉप आहे, तिथे मी काही शनिवार उभी राहिले होते. बसवून नाही, मशीनपाशी उभं राहून, शिफ्ट बदलताना दहा मिनिटं, हातात कागद नाही. दोनच प्रश्न विचारले, आज हात कुठे अडला आणि काय शोधत फिरावं लागलं. पहिले दोन शनिवार ‘काही नाही ताई, सगळं ओके’. तिसऱ्या वेळी सेकंड शिफ्टचा एक पोरगा, वीस-एकवीसचा असेल, म्हणाला की इन्सर्ट (मशीनच्या हत्याराचं कापणारं पातं) बदलायला पाहिजे हे कळतं पण टूल क्रिबला (हत्यारांच्या खोलीला) संध्याकाळी सहाला कुलूप लागतं आणि किल्ली जनरल शिफ्टच्या माणसाबरोबर चिखलीला जाते. म्हणजे सहानंतर घासलेल्या इन्सर्टवरच रात्र काढायची. रिजेक्शनच्या कागदावर त्या मुलाचं नाव दोनदा होतं, दोन्हीकडे बर (पार्टच्या कडेला राहिलेला धातूचा कंगोरा), दोन्हीकडे दुर्लक्ष, दोन्हीकडे ट्रेनिंग. भावाने दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या डबीत चार इन्सर्ट घालून मशीनच्या बाजूला ठेवले, डबीवर मार्करने तारीख. बस एवढंच.

आणि साहेब म्हणाले की रेट्रो सुरू केल्यापासून तक्रारी वाढल्या, तर त्यांना हे सांगा. एमी एडमंडसन म्हणून संशोधक आहेत, हार्वर्डच्या, त्यांनी हॉस्पिटलमधल्या टीम्स आणि औषध देताना होणाऱ्या चुका यांचा अभ्यास केला, तो 1996 साली छापून आला. त्यांना वाटलं होतं चांगल्या टीममध्ये चुका कमी सापडतील, आकडे उलटे आले. मग लक्षात आलं की चांगल्या टीममध्ये चुका जास्त होत नसाव्यात, तिथे त्या लपवल्या जात नव्हत्या. पहिले दोन महिने तुमचा पण आकडा वर जाईल. त्या वेळी साहेब घाबरले तर खेळ खलास.

आमचे पाच जण बाणेरच्या ऑफिसात कॉन्फरन्स रूममध्ये, तीन जण घरून, एक नागपूरला. घरून असणारे कॅमेरा बंद करून बसतात आणि रेट्रोत ‘नथिंग फ्रॉम माय साइड’ म्हणतात. बोर्डवर निनावी लिहायची सोय पण देऊन बघितली. – टीम लीड, बाणेर

रूममधले पाच जण एकमेकांकडे बघून हसतात आणि घरच्यांना फक्त खसखस ऐकू येते, मग ते मेल बघत बसणारच ना. एक जण जरी बाहेर असेल तर सगळ्यांनी आपापल्या लॅपटॉपवर, आपापल्या जागी बसून जॉइन व्हा, मग सगळे सारखेच लांब. कॅमेऱ्याची सक्ती करू नका, घरात कुणाच्या मागे आजी झोपलेली असते. नावाने, ठरलेल्या क्रमाने एक फेरी घ्या, ‘पास’ म्हणायची मुभा ठेवा, आणि पहिला प्रश्न फुटकळ ठेवा, म्हणजे एकदा आवाज फुटतो, पहिल्या पाच मिनिटांत ज्याचा आवाज फुटला नाही तो शेवटपर्यंत फुटत नाही असं मी कायम बघितलंय. आणि नऊ जणांत निनावी असं काही नसतं हो, कोण ‘किन्डली’ लिहितं हे सगळ्यांना पाठ असतं.

ताई, आमचं ढोल-ताशा पथक आहे, सव्वाशे वादक. विसर्जन झालं की दर वर्षी मीटिंग होते आणि दर वर्षी भांडणाने संपते. यंदा मिरवणुकीत तासन्‌तास एकाच जागी उभं राहावं लागलं, पाणी संपलं, मुलींची गैरसोय झाली, ताशेवाले पुढे निघून गेले आणि मीटिंगमध्ये सगळे एकमेकांवर तुटून पडले. दोन जुने वादक सोडून गेले. तुमचं हे आयटीवाल्यांचं आमच्याकडे चालेल का? – पथकातला एक, नारायण पेठ

अरे चालेल काय, हे आपल्याकडे आयटीच्या आधीपासून चालतंय. कधी माउलींच्या पालखीबरोबर मुक्कामापर्यंत चालला असशील तर समाजआरती बघितली असशील. पालखी तळावर पोचते, दिंड्या गोल उभ्या राहतात, चोपदार चोप वर करतात आणि एवढा मोठा गजर एकदम थांबतो. फक्त ज्या दिंडीची काही तक्रार आहे तिचे टाळ वाजत राहतात. चोपदार त्या आवाजाच्या दिशेने जातात, काय झालं ते ऐकतात, मिटवतात, मग त्या दिंडीचे टाळ थांबतात. हरवलं-सापडलं पुकारतात, उद्या निघायची वेळ सांगतात, मग आरती. बघ किती बारीक विचार आहे त्यात. तक्रार त्याच दिवशी, ती कुणी ऐकायची हे ठरलेलं, ती सांगायची रीत ठरलेली, आणि ती सांगितली म्हणून कुणी तुला दिंडीतून काढत नाही. उलट सगळे आरतीसाठी थांबून राहतात.

तुमच्या मीटिंगमध्ये सव्वाशे जणांचे टाळ एकदम वाजतात आणि चोपदार कुणी नाही.

मी असते तर असं केलं असतं. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मीटिंग अजिबात नाही, रात्रभर जागलेल्या आणि हाताला फोड आलेल्या माणसाला मत विचारू नये. पण त्याच दिवशी प्रत्येकाने एका ठरलेल्या नंबरवर एक व्हॉइस नोट टाकायची, ग्रुपवर नाही, ग्रुपवर टाकली की महायुद्ध. कारण आठवडाभराने फक्त राग आठवतो, तपशील जातो. मग पुढच्या रविवारी सरावाच्या जागेवर जमा. खुर्च्या मांडू नका. जमिनीवर चुन्याने मिरवणुकीचा रस्ता आखा, बेलबाग चौकापासून लक्ष्मी रोडने अलका चौकापर्यंत, मधले चौक टाका, आणि सगळ्यांना सांगा की जिथे तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास झाला तिथे जाऊन उभे राहा. बोलायचं नाही, फक्त उभं राहायचं. मला खात्री आहे की एका चौकात तुमच्या बहुतेक मुली उभ्या दिसतील, आणि त्या क्षणी पथकप्रमुखांना जे कळेल ते तीन तासांच्या मीटिंगमध्ये कळलं नसतं, कारण त्या मीटिंगमध्ये एकही मुलगी शंभर पोरांसमोर बाथरूमबद्दल बोलली नसणार. बरोबर ना?

मग जे जिथे उभे आहेत त्यांचे तिथेच आठ-दहाचे घोळके करा, ढोल, ताशा, ध्वज, व्यवस्था सगळे मिसळलेले, प्रत्येक घोळक्यात एक जण फक्त लिहिणारा, त्याने स्वतःचं मत द्यायचं नाही. दहा मिनिटांनी प्रत्येकाने दोनच गोष्टी आणायच्या. प्रमुखांनी सगळ्यात शेवटी बोलायचं, हे त्यांना आदल्या दिवशी चहा पाजून सांगून ठेव. आणि निवडताना पुढच्या वर्षी आपल्या हातात काय आहे तेच निवडा, पुढचं मंडळ हलत नाही हे आपल्या हातात नाही, पण पाण्याचा टेम्पो बंद गल्ल्यांमधून आत येऊ शकत नाही हे माहीत असताना पाठीवर पाणी घेऊन चालणारी सहा माणसं ठेवणं आपल्या हातात आहे, आणि वाटेवरच्या कुणाच्या घरी, क्लासमध्ये, दुकानात मुलींसाठी आधी बोलून ठेवणं पण आहे.

सोडून गेलेल्या दोघांना फोन कर. परत ये म्हणायला नाही, काय झालं ते ऐकायला, आणि मध्ये एकदाही ‘पण’ म्हणू नकोस.

पुढच्या पावसाळ्यात सराव सुरू झाला की अजून एक खेळ करून बघ, गॅरी क्लाइन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने ह्याला प्रीमॉर्टेम नाव दिलंय. सगळ्यांनी डोळे मिटून धरून चालायचं की विसर्जन झालंय आणि आपली पार फजिती झालीय, आता लिहा का झाली. काय फसेल असं विचारलं तर लोक सांभाळून बोलतात, फसलंच आहे असं धरलं की भराभर लिहितात. पथकातले कुणी मोठे म्हणतील शुभकार्याआधी असं बोलू नये, तर आधी बाप्पाला नारळ फोडा आणि मग बोला.

नमस्कार ताई, आम्ही धनकवडीत दहा-अकरा जणी मिळून दिवाळीचा फराळ करतो, बचत गट आहे. या वर्षी चकल्या मऊ पडल्याच्या तक्रारी आल्या. आमच्यात एक काकू आहेत, सगळ्यात मोठ्या, चकल्या त्याच तळतात, सकाळचा चिवडा आणि शेव आटोपून चारनंतर गॅस मोकळा झाला की. आता माझ्या सुनेने तुमचं सदर दाखवलं आणि म्हणाली दिवाळीनंतर सगळ्या जणी बसून रेट्रो करा. पण काकूंना सगळ्यांसमोर कसं बोलायचं? – गटातली एक, धनकवडी

वहिनी, सगळ्यांसमोर नाहीच बोलायचं. एका माणसाबद्दलचं बोलणं हे त्या माणसाशी, त्यांच्या घरी, दुपारी, दोघींनीच. गट बसवून त्यात एकीला उभं करणं याला रेट्रो म्हणत नाहीत, त्याला पंचायत म्हणतात, आणि एकदा तसं झालं की पुढच्या वेळी बाकीच्या नऊ जणी आपला नंबर कधी लागतो म्हणून गप्प बसतील.

गट बसेल तेव्हा काकू बाजूला ठेवा, चकलीची वाट बघा. भाजणी कुठल्या दिवशी भाजली, गिरणीतून कधी आली, त्या दिवशी ऑर्डर किती होत्या, तळण किती वाजता संपलं, भरायला कोण बसलं. माझी आई म्हणायची गरम चकली डब्यात भरली की स्वतःच्याच वाफेने मऊ पडते. काकू सगळ्यात शेवटी तळतात असं तुमच्या पत्रावरून दिसतंय, कारण त्याच दिवशी सकाळी चिवडा आणि शेव झालेली असते आणि गॅस मोकळा होतो तो चारनंतर. आणि तुम्ही पत्रात खाली बारीक अक्षरात लिहिलंय की डिलिव्हरीवाला मुलगा साडेपाचला येऊन उभा राहतो.

काकूंकडे जायच्या आधी एवढं करा, त्या मुलाला फोन करून विचारा, सकाळी आला तर चालेल का.